नागपूरचं ऊन

मे महिन्यात खाप्याहून नागपूरला निघालात, की डोक्याला दुपट्टा बांधूनच निघता. नागपूरला तेव्हा पारा ४२-४३ अंशांवर असतो. त्याच दिवसांत मुंबईला तो ३३-३४ अंशांवर असतो. राज्य एकच, मग असं का?

एक तवा आणि पाण्याने भरलेली घागर उन्हात ठेवा. तवा लगेच चटका देतो. घागरीतलं पाणी उशिरा तापतं. रात्री तवा झट्‌दिशी निवतो, पाणी मात्र कोमट राहतं. जमीन तव्यासारखी आहे आणि समुद्र घागरीसारखा. मुंबईच्या तर दारातच समुद्र. नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर आहे. पूर्वेकडचा समुद्रही शेकडो किलोमीटर लांब. त्याचा गारवा इथवर पोचत नाही. उंचीमुळे गारवा यावा, तर नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंच. उन्हाळ्यात इथे येतो तो वायव्येकडचा कोरडा, तापलेला वारा.

तवा लवकर निवतो, हेही ध्यानात ठेवा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. २९ डिसेंबर २०१८ रोजी तिथेच पारा ३.५ अंशांवर उतरला!

आपल्या संत्र्याला हे हवामान मानवतं. थंडीत झाड विसावा घेतं आणि थंडी सरताना फुलतं. तो आंबिया बहार. उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसला आणि मृगाचा पाऊस पडला, की फुलतं तो मृग बहार.

माणसाचं तसं नाही. कोरड्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो. घाम आलाच नाही असं वाटतं, पण अंगातलं पाणी जातच असतं. म्हणून तहान लागायची वाट पाहू नका. पाणी प्या, मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं प्या. कुणी खिशात कांदा ठेवतात. ठेवा बापडे, पण पाण्याची बाटली घरी विसरू नका.

ऊन लागलं, की डोकं दुखतं, चक्कर येते, ओकारी होते. माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध गेली, तर जिवाला धोका आहे. त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. लगेच १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत पाणी ओतत राहा.