गटासाठी पाठ : नागलीची खुसखुशीत नानकटाई



या अंकाचा पाठ चुलीजवळचा आहे. आपल्या पाड्यांवर वरकस जमिनीत नागली पिकते. खळे उरकले की घरची गरज बाजूला ठेवून, आणि कधी कधी न ठेवताही, नागली व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. त्याच आठवडी बाजारातून मैद्याच्या बिस्किटांचे पुडे घरी येतात आणि सकाळी कोऱ्या चहात दोन बिस्किटे बुडवून मूल शाळेला जाते. हे चक्र थोडे तरी उलटे फिरवता येईल का, असा प्रश्न अनेक बचत गटांतून येतो. म्हणून आज भट्टीशिवाय नागलीची नानकटाई कशी भाजायची ते शिकू. ती विकून हाती काय राहते याचा हिशेब मांडू, आणि शेवटी ती कोणी किती खावी तेही पाहू.

1. नानकटाई म्हणजे काय?

‘नान’ हा फारसी शब्द, अर्थ रोटी. नानकटाईसाठी सुरत शहर प्रसिद्ध आहे. तेथे 1616 साली डच व्यापाऱ्यांनी वखार घातली होती, आणि तिथल्या नानकटाईचे नाते त्या काळच्या पाव भाजणाऱ्यांशी जोडले जाते. पुढे ती मुंबई-पुण्यापर्यंत घरोघरी पोचली. दिवाळीच्या आधी घरी पीठ मळून, डबा घेऊन बेकरीत जायचे आणि भाजून आणायचे, ही रीत शहरांत पुष्कळ वर्षे होती. आपल्याकडे बेकरी दूर आहे, पण जाड बुडाची हंडी आणि निखारे घरात आहेत. तेवढे पुरते.

2. खुसखुशीतपणा कशाने येतो?

हे एकदा समजले की कृती पाठ करावी लागत नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की चिवटपणा येतो. पोळीला तो हवा, बिस्किटाला नको. पिठाच्या कणांना आधी तूप लागले तर पाणी आत शिरत नाही आणि चिवटपणा धरत नाही. करंजीच्या पिठात आपण मोहन घालतो ते याचसाठी. नानकटाईत मोहन भरपूर आणि पाणी अजिबात नाही, म्हणून ती तोंडात विरघळते.

खुसखुशीतपणाचा दुसरा प्रकार चिरोट्यांचा. तिथे पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतात, त्यामुळे पदर सुटे राहतात. खारी बिस्किटेही पदरांमुळेच हलकी होतात. पण पदरांच्या कामाला वेळ आणि सराव लागतो. गटाने सुरुवात मोहनाच्या बिस्किटाने करावी.

नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे नुसत्या नागलीची नानकटाई उचलताच मोडते. अर्धे गव्हाचे पीठ घातले की ती हातात धरता येते.

3. साहित्य (सुमारे 25 नगांसाठी)

नागलीचे पीठ 100 ग्रॅम, गव्हाचे बारीक चाळलेले पीठ 100 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, थिजलेले तूप 150 ग्रॅम, पिठीसाखर 125 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ.

साहित्य वाटीने न घेता काट्यावर तोलून घ्यावे. वाटी दाबून भरली की पीठ वाढते, आणि मग दर वेळी माल वेगळा होतो. गिऱ्हाईक पुन्हा येते ते मागच्यासारखाच माल मिळेल या भरवशावर.

साजूक तूप महाग पडते म्हणून बरेच जण वनस्पती तूप घेतात. वनस्पती तुपातला ट्रान्स फॅट हा घटक हृदयाला अपायकारक आहे. त्यावर आपल्या देशात 2022 सालापासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून सुटे, बिनलेबलाचे तूप घेऊ नये. पाकीटबंद घ्यावे आणि त्यावरचा मजकूर वाचावा.

4. कृती

नागलीचे पीठ कोरडेच मंद आंचेवर पाच-सहा मिनिटे भाजा. कच्चा वास जाऊन खमंग वास आला की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पिठात तूप वितळते आणि नानकटाई पसरते.

परातीत तूप आणि पिठीसाखर हाताने एकाच दिशेने फेसा. रंग फिका आणि मिश्रण हलके होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, फेसावे लागते. या फेसण्याने तुपात हवा शिरते आणि नानकटाई हलकी होते.

तिन्ही पिठे, बेकिंग पावडर, मीठ व वेलदोडा एकत्र चाळून त्यात घाला. बोटांनी हलकेच एकत्र करा, मळू नका. गोळा जमला की पंधरा मिनिटे झाकून ठेवा. मग लिंबाहून लहान गोळे करा, हलके चपटे करा आणि तूप लावलेल्या ताटलीत दोन-दोन बोटांचे अंतर सोडून मांडा.

आता हंडी. जाड बुडाच्या हंडीत दोन बोटे उंच धुऊन वाळवलेली वाळू किंवा जाडे मीठ पसरा. त्यावर तिवई ठेवा, झाकण लावा आणि मध्यम आंचेवर दहा मिनिटे तापवा. कुकर वापरणार असाल तर त्याची शिट्टी आणि झाकणाचे रबर आधी काढून ठेवा. हे विसरू नका.

पहिल्या खेपेला एकच नानकटाई भाजून पाहा. पसरून चपटी झाली तर उरलेल्या मिश्रणात चमचाभर पीठ घाला. फार भेगा पडून सुटू लागली तर चमचाभर तूप घाला. मग बाकीच्या भाजा. आंच मंद ठेवून वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. चुलीवर करताना खाली थोडे निखारे आणि झाकणावरही थोडे निखारे ठेवले तर दोन्ही बाजूंनी सारखी भाजते.

नागली मुळातच तपकिरी असल्याने वरचा रंग पाहून अंदाज येत नाही. कड कोरडी दिसली आणि खालची बाजू खमंग झाली की झाली. गरम असताना ती मऊ लागते, निवताना कडक होते. म्हणून ताटली बाहेर काढून दहा मिनिटे हात लावू नका. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरली तर वाफ धरते आणि नानकटाई सादळते.

5. हिशेब

खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या बाजारचे भाव घालून गटाने हिशेब पुन्हा मांडावा.

नागलीचे पीठ 6 रुपये, गव्हाचे पीठ 4, बेसन 5, वनस्पती तूप 24, साखर साडेपाच, वेलदोडा व पावडर 2, जळण 5. एकूण साडेएक्कावन्न रुपये. पंचवीसपैकी एक चाखण्यात जाते, राहिल्या चोवीस. सहा-सहाची चार पाकिटे होतात. पाकिटाचा खर्च प्रत्येकी 2 रुपये धरला तर एकूण खर्च साडेएकोणसाठ रुपये.

पाकीट 20 रुपयांना विकले तर 80 रुपये येतात. हाती राहिले साडेवीस. एका हंडीत एका वेळी आठ-नऊ नग बसतात, म्हणजे तीन खेपा आणि एकूण दोन तास. दोन तासांचे साडेवीस रुपये ही मजुरीसुद्धा नाही.

आता तीन हंड्या एकदम लावल्या तर अडीच तासांत बारा पाकिटे होतात. 25 रुपये भाव धरला तर 300 रुपये येतात. खर्च सुमारे 179 वजा जाता 121 रुपये राहतात. दोघींनी मिळून काम केले तर प्रत्येकीला साठ. म्हणजे हा धंदा हंड्यांच्या संख्येवर आणि भावावर उभा राहतो. भाव भाजण्याआधी ठरवावा. शेजारच्या दुकानातल्या पाच रुपयांच्या पुड्याशी आपली बरोबरी करू नये. तो यंत्रावर होतो, आपली हाताने होते.

आणखी एक. घरची नागली फुकट धरू नका. ती बाजारात ज्या भावाने गेली असती तो भाव हिशेबात लिहा. नाहीतर नफा दिसतो तो खरे तर शेतातल्या कष्टाचा पैसा असतो.

विक्रीसाठी अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी लागते. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. पदार्थाचे नाव, घटक, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत खावे, गटाचा पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हेही हवे. दिवाळी, नाताळ आणि जत्रा हे विक्रीचे दिवस आहेत. पावसाळ्यात माल लवकर सादळतो, तेव्हा कमी करावा.

6. विकावी किती, खावी किती?

नागलीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम. म्हणून नागलीचे बिस्कीट पौष्टिक असे म्हणून विकण्याचा मोह होतो. पण मोजून पाहा. आपल्या पंचवीस नगांत नागली 100 ग्रॅम, म्हणजे एका नगात 4 ग्रॅम. त्यातून कॅल्शियम मिळते अवघे 14 मिलिग्रॅम. याउलट 60 ग्रॅम पिठाची एक भाकर सुमारे 210 मिलिग्रॅम देते, तेही साखर आणि तुपाशिवाय. एका भाकरीएवढ्या कॅल्शियमसाठी मुलाला पंधरा नानकटाया खाव्या लागतील, आणि त्यांबरोबर 75 ग्रॅम साखर व 90 ग्रॅम तूप पोटात जाईल.

तेव्हा नानकटाई हा सणाचा गोड पदार्थ आहे आणि विकायचा माल आहे. तिच्या पाकिटावर खोटा दावा छापू नये. मुलांच्या सकाळच्या ताटात भाकर, आंबील किंवा नागलीची पेज हवी. बिस्कीट तिची जागा घेऊ शकत नाही, मग ते दुकानातले असो की आपल्या हंडीतले. वर्षभराची घरची नागली आधी कणगीत भरावी, आणि उरलेल्यातून नानकटाई करावी. तसे केले तर पैसाही येईल आणि घरचे ताटही रिकामे राहणार नाही.

गटात चर्चेसाठी

1. आपल्या घरात महिन्याला बिस्किटांच्या पुड्यांवर किती पैसे जातात? प्रत्येकीने लिहून आणावे.

2. घरातल्या माणसांना वर्षभर किती नागली लागते? यंदा किती विकली?

3. आपल्या बाजारच्या भावाने पाच क्रमांकाचा हिशेब मांडा. मजुरी धरून पाकिटाचा भाव किती निघतो?

4. पहिल्या दिवशी पंचवीसच नग भाजा. चाखून झाल्यावर काय कमी, काय जास्त झाले ते वहीत नोंदवा.