एचडीचे जादा पैसे मोजावेत का?

प्रश्न : आमचा टीव्ही ४३ इंची आहे. केबलवाले एचडी पॅक घ्या म्हणतात. बिल वाढवण्याइतका फरक खरंच दिसतो का?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या टीव्हीवर दिसतो. साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, एचडीचं १९२० बाय १०८०. म्हणजे ठिपके पाचपट. क्रिकेट लावलंत की फरक लगेच कळेल. साध्या वाहिनीवर चेंडू सीमारेषेकडे धावताना पुसट होतो, धावफलकातले बारीक आकडे फुटतात. एचडीवर ते स्वच्छ वाचता येतात. ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहणाऱ्यांना मात्र मी एवढा आग्रह करणार नाही.

पण सगळा पॅक कशाला? ट्रायच्या नियमांनुसार वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे. खेळाची एखादी आणि झी मराठी किंवा स्टार प्रवाहसारखी घरात रोज लागणारी वाहिनी एचडीत घ्या. बातम्या साध्याच राहू द्या. जुने चित्रपट मुळात साध्या दर्जाच्या प्रतीवरून दाखवले जात असतील, तर एचडी वाहिनीवरही फारसे उजळत नाहीत. एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा पॅकमध्ये नाही ना, हेही बघा; तिथे पैसे हकनाक जातात.

सेट टॉप बॉक्स एचडीचाच हवा आणि तो एचडीएमआय केबलनेच जोडा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. पैसे भरण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून ही वायर जरूर तपासा.