हवामानबदलात करिअर करायचंय? मग अकरावीत गणित सोडू नका

मढच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की पलीकडे वर्सोवा. तिथून रिक्षाच्या अंतरावर केंद्र सरकारच्या दोन संस्था आहेत. एक केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई. दुसरी चार बंगल्याच्या बाजूला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र. मढ, भाटी, एरंगळची कितीतरी मुलं अंधेरी-पार्ल्याच्या कॉलेजांत जाताना यांच्या आसपासूनच जातात. तरीही हवामानाचा अभ्यास म्हटलं की बहुतेक घरांत बातम्यांत पाऊस सांगणारा माणूस आठवतो, नाहीतर झाडं लावणारी संस्था.

हे क्षेत्र त्याहून बरंच मोठं आहे आणि त्याचं दार वेगळ्याच ठिकाणी आहे. निसर्गाची ओढ असलेली मुलं ते पर्यावरणाच्या पुस्तकात शोधतात आणि दहावीनंतर 'गणित नको' म्हणून मोकळी होतात. नेमकी तिथेच वाट बंद होते. कशी, ते समजायला आधी या कामाचं स्वरूप पाहू.

मॉडेल म्हणजे काय?

हवामानाचं मॉडेल हा एक संगणकीय प्रोग्रॅम असतो. पृथ्वीभोवतीच्या हवेचे आणि समुद्राचे कप्पे पाडायचे, आडवे आणि एकावर एकही. प्रत्येक कप्प्यातलं तापमान, दाब, वारा, बाष्प, खारेपणा यांचे आकडे भरायचे. मग न्यूटनचे गतीचे नियम, उष्णतेचे नियम आणि वस्तुमान नाहीसं होत नाही हा नियम लावून काही मिनिटांनी प्रत्येक कप्प्यात काय असेल ते काढायचं. त्या उत्तरावरून पुढची काही मिनिटं. असं करत करत शंभर वर्षं पुढे जायचं.

ढग या कप्प्यांपेक्षा लहान असतात. म्हणून त्यांचा एकत्रित परिणाम वेगळ्या सूत्रांनी बसवावा लागतो. वेगवेगळ्या मॉडेलांची उत्तरं जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हे ढगच, आणि संशोधकांना सर्वांत जास्त काम लागतं तेही इथेच.

कर्बवायू वाढला तर तापमान किती वाढेल, याचं संगणकाने काढलेलं पहिलं भरवशाचं उत्तर १९६७ सालचं. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी दाखवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी दोन अंशांहून थोडी अधिक तापेल. मनाबेंना २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. १९५८ मध्ये हवाई बेटांवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे आहे.

'पुढच्या आठवड्याचा पाऊस चुकतो, मग २०५० चं काय सांगणार?'

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मढच्या कुठल्याही तांडेलाला पटेल. पुढच्या पौर्णिमेला उधाणाची भरती किती वाजता येईल हे तो आज सांगतो. त्या भरतीतली तिसरी लाट किती उंच असेल हे मात्र त्याला कुणी विचारत नाही. भरती ठरते चंद्र-सूर्याच्या ओढीने, लाट त्या क्षणाच्या वाऱ्याने. रोजचा पाऊस लाटेसारखा आहे. आजची हवा नेमकी कशी आहे यात जराशी चूक झाली की दहा-पंधरा दिवसांत अंदाज भरकटतो. तीस वर्षांची सरासरी मात्र सूर्याची उष्णता किती येते आणि किती अडून राहते यावर ठरते, म्हणून तिचा हिशेब मांडता येतो.

तो हिशेब आधी भूतकाळावर तपासतात. मॉडेलला १८५० पासून चालवायचं आणि विसाव्या शतकात मोजलेलं तापमान त्याला जमतं का ते पाहायचं. एकदा कर्बवायू धरून, एकदा न धरता. फक्त सूर्य आणि ज्वालामुखी धरले तर गेल्या पन्नास वर्षांची वाढ येत नाही. वायू धरले की येते.

गोवारीकर मॉडेलचा धडा

महाराष्ट्रात 'मॉडेल' हा शब्द घराघरात पोहोचला तो डॉ. वसंत गोवारीकरांमुळे. १९८८ पासून हवामान खातं त्यांचं सोळा घटकांचं मॉडेल वापरू लागलं. हिमालयातला बर्फ, प्रशांत महासागराचं तापमान अशा सोळा गोष्टी आणि मान्सून यांचं मागच्या वर्षांतलं नातं पाहून यंदाचा पाऊस सांगायचा. अनेक वर्षं ते नीट चाललं. २००२ साली अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता, पडला सरासरीच्या ८१ टक्के. जुलैत तर निम्म्याच्या आसपासच. पुढच्या वर्षी खात्याने ती पद्धत बदलली.

यात गोवारीकरांना कमीपणा नाही. त्या काळच्या साधनांत ते धाडसी काम होतं. पण आजच्या विद्यार्थ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी. मागच्या वर्षांच्या नात्यावर उभा असलेला अंदाज, ती नाती बदलू लागली की डगमगतो. हवामान बदलतंय म्हणजे नेमकं हेच होतंय. भौतिकशास्त्राचे नियम मात्र २०५० सालीही तेच राहतील. म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनने हवा आणि समुद्र एकत्र सोडवणाऱ्या मॉडेलांवर भर दिला.

आपल्या किनाऱ्याचा प्रश्न

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला ७४. मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. जगाच्या मॉडेलांत एका कप्प्याची बाजू बहुधा शंभर ते दोनशे किलोमीटर असते. म्हणजे मढपासून अलिबागपर्यंत सगळं एकाच कप्प्यात आणि सगळ्यांना एकच आकडा. तो आकडा फोडून मालाडच्या खाडीपर्यंत आणणं हे आजचं खरं काम आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमने रोजच्या अंदाजासाठी हा कप्पा सहा किलोमीटरवर आणला.

समुद्रही बदलतोय. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. म्हणजे तीस वर्षांत वीतभरही नाही, पण उधाण आणि वादळ एकत्र आलं की तेवढीच वाढ पाणी घरात आणायला पुरते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या (आयआयटीएम) मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी अरबी समुद्रातल्या वादळांचा हिशेब मांडला. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये ती ५२ टक्क्यांनी वाढली होती.

हीच संस्था भारताचं स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल चालवते. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालासाठी जगभरातल्या मॉडेलांची जी तुलना झाली, तीत ते होतं. संस्थेतला 'अर्क' हा महासंगणक २०२४ मध्ये सुरू झाला. सेकंदाला सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी तो करतो. यंत्रं आली, ती चालवणारी माणसं लागतात.

वाट कशी?

अकरावी: विज्ञान शाखा, गणितासह. जीवशास्त्र आवडत असेल तर तेही घ्या, गणिताच्या जागी मात्र घेऊ नका.

बारावीनंतरच्या मुख्य वाटा चार.

१. भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी. ही सर्वांत कमी खर्चाची वाट, आणि त्यासाठी उपनगर सोडावं लागत नाही. पुढे जॅम परीक्षा देऊन आयआयटीत, किंवा विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया पार करून एमएस्सी. पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

२. इंजिनिअरिंग. सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर कुठलंही चालतं. पुढे गेट देऊन एमटेक किंवा पीएचडी. आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचं केंद्र आहे; बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी दिल्ली आणि आयआयटी भुवनेश्वर इथेही हे विषय शिकवतात.

३. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, पुणे. बारावीनंतर स्वतंत्र प्रवेश परीक्षा, पाच वर्षांचा बीएस-एमएस.

४. मत्स्यविज्ञान. जीवशास्त्राकडे ओढा असलेल्या आणि मासळीशी नातं तोडायचं नसलेल्या मुलांसाठी. रत्नागिरीजवळच्या शिरगाव मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांचा बीएफएस्सी, पुढे वर्सोव्याच्या सीआयएफईत पदव्युत्तर शिक्षण. समुद्र तापला तर बोंबील-बांगडा कुठे सरकतील, या प्रश्नाचं उत्तर या मंडळींकडून अपेक्षित आहे.

पीएचडीकडे जायचं असेल तर सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, समुद्र व ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे.

पगार किती? आणि अडचणी?

बीएस्सीनंतर हवामान खात्यात वैज्ञानिक सहायक होता येतं. भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत होते. मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, भत्ते वेगळे. कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. केंद्रीय संस्थेतला सुरुवातीचा वैज्ञानिक ५६,१०० मूळ वेतनावर लागतो.

दुसरी बाजूही ऐका. पीएचडीला पाचेक वर्षं लागतात. कायम जागा थोड्या असतात आणि मधली काही वर्षं कंत्राटी प्रकल्पांवर काढावी लागतात. घरात ताबडतोब कमावतं माणूस हवं असेल तर एमएस्सी किंवा एमटेकवर थांबून नोकरी धरणं हा शहाणपणाचाच निर्णय असतो, अपयश नव्हे.

तशा नोकऱ्या आता वाढताहेत. सेबीने सर्वांत मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरणासह शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. विमा कंपन्यांना पूर आणि वादळाची जोखीम मोजावी लागते. सौर आणि पवन ऊर्जेच्या कंपन्यांना उद्याचं ऊन आणि वारा आज हवा असतो. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्याच्या दोन वर्षं आधी शहरासाठी आयफ्लोज ही पूरइशारा यंत्रणा सुरू झाली होती. या सगळ्यांना मॉडेलचे आकडे वाचून व्यवहारातला निर्णय सुचवणारी माणसं हवी आहेत.

पालकांचे आणखी तीन प्रश्न

*मराठी माध्यमातून शिकलंय, निभेल का?* निभेल. इथली कामाची भाषा समीकरणं आणि कोड. इंग्रजी लागतं ते लेख वाचायला आणि लिहायला, आणि ते कॉलेजच्या वर्षांत कमावता येतं. अकरावीचं पहिलं सहामाही सत्र जड जाईल, हे आधीच धरून चाला.

*मुलीने या क्षेत्रात जावं का?* पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डला उपयोजित गणितात पीएचडी करून १९७१ साली परत आल्या. मान्सूनच्या ढगपट्ट्यांवरचं त्यांचं काम आज पाठ्यपुस्तकाचा भाग आहे. शिवाय कर्नाटकातल्या पावगड भागात भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसोबत बसून, पेरणी कधी करावी याचाही त्यांनी अभ्यास केला. २०२५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा या विषयात त्यांच्या विद्यार्थ्यांची पिढी उभी होती.

*एआय आलं, मग माणसं कशाला?* २०२३ पासून एआयची मॉडेलं दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत देऊ लागली, आणि तो चांगला असतो. पण ती शिकतात गेल्या चाळीसेक वर्षांच्या नोंदींवर, आणि त्या नोंदी जुळवून देतात भौतिकशास्त्राची मॉडेलंच. जे तापमान पृथ्वीने अजून पाहिलंच नाही, त्याबद्दल मागचे आकडे किती सांगणार? गोवारीकर मॉडेलचा धडा इथेही लागू आहे. ज्याला भौतिकशास्त्र आणि एआय दोन्ही कळतं, त्याची मागणी वाढेल.

या वर्षी काय कराल?

नववी ते बारावीच्या मुलांनी एक वही घ्यावी. रोज संध्याकाळी हवामान खात्याचा पावसाचा आणि इन्कॉइस या हैदराबादच्या संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज लिहावा. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं ते लिहावं. मासेमारी चालू असेल त्या महिन्यांत बंदरावर परतलेल्या तांडेलकाकांना विचारावं: वारा कुठला होता, पाणी कसं होतं? दोन महिन्यांनी किती अंदाज बरोबर, किती चूक आणि चूक कुठल्या बाजूला, याचं कोष्टक मांडावं. मोठ्या संस्थांत अंदाजांची पडताळणी याच तत्त्वावर चालते. ज्याने ती कोळीवाड्यात केली आहे, तो मुलाखतीत इतरांपेक्षा वेगळा दिसेल.

कॉलेजच्या मुलांनी पायथन शिकावी. ती फुकट आहे. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस चौकटीनिहाय मोफत मिळतो. तो उतरवून आपल्या चौकटीतल्या जुलैचा आलेख काढा. ते काम चार दिवस कंटाळा न येता करता आलं तर हे क्षेत्र तुमचं. कंटाळा आला तरी बिघडत नाही. फी भरण्याआधी कळलं हे चांगलंच.

पालकांनी आज एवढंच करावं. मूल शास्त्रज्ञ होणार की नाही, हा निर्णय पाच-सहा वर्षं पुढे ढकलता येतो. गणित ठेवायचं की सोडायचं, हा निर्णय अकरावीच्या अर्जावरच होतो आणि तो पुढे सहसा बदलता येत नाही. दहावीला गणितात साठ-पासष्ट पडले म्हणून तो रकाना रिकामा सोडू नका.