मासा दोन हजारांचा, गारवा वीस हजारांचा

अहेरीत समुद्री मासा पाळायचा असेल तर हिशेब मे महिन्यापासून मांडा. क्लाऊनफिशला 25 ते 27 अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीतही टाकीचं पाणी 30च्या वर जातं. टाकीवर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण कूलरच्या दमट हवेत तेवढेही नाही. म्हणून चिलर हवाच, त्याचे 20 हजार धरा. तेवढे आज जमत नसतील तर मासाही आज आणू नका.

बाकीचं त्यामानाने स्वस्त. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी स्टँडसह 8 हजार. फिल्टर, वेव्हमेकर आणि थंडीसाठी हीटर 5 हजार, साधा एलईडी दीड हजार, मीठ-वाळू-दगड 5 हजार, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनियाचं किट साडेतीन हजार, बॅटरीवरचा एअरपंप दीड हजार. माशांची जोडी 2 हजार. बेरीज साडेसेहेचाळीस हजार. भाव दुकानागणिक बदलतात, तेव्हा हाताशी पन्नास असू द्या.

दगड घेताना सांभाळा. ज्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट 1 मध्ये आपला वाघ आहे, त्याच परिशिष्टात दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडाही आहे. दुकानदार जिवंत प्रवाळ देऊ लागला तर सरळ नाही म्हणा. सिरॅमिकचे दगड चालतात, आणि क्लाऊनफिश समुद्रफुलाशिवायही सुखाने राहतो. जोडी हॅचरीतलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाची पैदास केव्हाच साधली आहे.

स्वयंपाकाचं मीठ किंवा सैंधव चालत नाही. अ‍ॅक्वेरियमचं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम. दर आठवड्याला 9 लिटर पाणी बदललं तर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास मीठ, म्हणजे साधारण 500 रुपये. खाद्य 200. उन्हाळ्यात चिलर रोज 12 तास चालला तर सगळं मिळून महिन्याला 72 युनिट. 10 रुपयांनी 720. मिरगाआधी तीन महिन्यांचं मीठ आणि खाद्य घरात असू द्या, पुरात रस्ते बंद पडले की कुरियर येत नाही.

काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कडेला पांढरी खरवड जमते आणि आतलं पाणी जास्त खारं होत जातं. पट्टीखाली गेलं की साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे माशाविना चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की मगच नागपूरहून जोडी आणा, ऑक्सिजनच्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या प्रवासाने.

पहिल्या काही दिवसांत लहान मासा मोठ्यापुढे आडवा होऊन थरथरताना दिसेल. तो आजारी नाही. मोठी मादी आहे, आणि तो तिचं मोठेपण मान्य करतो आहे. औषधावर पैसे घालू नका.