सावत्र पिता, दत्तकविधान व पोटगी

मातेने पुनर्विवाह केला म्हणजे जन्मदात्या पित्याची पोटगी सुटली, अशी समजूत आपल्या सोलापुराकडील गावांत आढळल्यास ती खोटी आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १४४ अन्वये अल्पवयी, निराधार अपत्याचे पोषण करणे समर्थ पित्यास भागच आहे. सावत्र पित्याने नुसते आपले नाव लाविल्याने ते टळत नाही. परंतु बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे कोणत्याही धर्माच्या सावत्र पित्यास दत्तक घेता येते. रीतसर संमती घेऊन तसा आदेश झाला, म्हणजे कलम ६३ अन्वये जन्मपित्याचे नाते तुटते व पुढील पोषणाचा भार दत्तकपित्यावर येतो. यास्तव, उपदेशक बंधूंनो, संमती लेकराच्या हितास्तव आहे की पोटगी चुकविण्यास्तव, हे आपण आधी पाहावे.