चोपडी एक, संगणक तीन तऱ्हांचे

कापडाच्या धंद्यात जुना दंडक असा, की रोजमेळात चूक झाली तर ती पुसायची नाही आणि पान तर मुळीच फाडायचे नाही. चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारायची, खाली बरोबर नोंद करायची, शेजारी सही करायची. दहा वर्षांनी कुणी चोपडी उघडली तरी आधी काय होते, कुणी बदलले, केव्हा बदलले याचा उलगडा होतो.

संगणक दुकानात आला आणि हा दंडक मोडला. दरपत्रकाच्या फाइलीत जुना भाव काढून नवा लिहिला की जुना भाव गेला. मग पेढीवर वाद होतो, "ईदच्या मालाला हा भाव ठरला नव्हता." दाखवायला मात्र काही नसते. म्हणून घरोघरच्या संगणकांत 'दरपत्रक नवे', 'दरपत्रक एकदम नवे', 'दरपत्रक शेवटचे' अशा फाइलींची रांग लागलेली दिसते. त्यातली खरी कोणती, हे ती करणारासही सांगता येत नाही.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी यावर केव्हाच तोड काढली. तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सर्व्हरवर एक पेटी असते. प्रत्येकाने तिच्यातून आपली प्रत घ्यायची, फेरफार करायचा आणि नाव व कारण लिहून परत जमा करायचा. जुने पान जागेवरच राहते. पूर्वी सीव्हीएस नावाची व्यवस्था चाले. २००४ साली सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती आली. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट तयार केले. सबव्हर्जन आणि गिट दोन्ही विनामूल्य मिळतात.

आमच्या कोकणी कुटुंबांत एक भाऊ गावी, एक मुंबईत, एक आखातात हे नेहमीचेच. आम्ही मांडव्याला कापड विकतो. दुकानातला संगणक विंडोजचा आहे, मुंबईत नक्षीकाम होते ते अॅपलच्या मॅकवर आणि सर्व्हर लिनक्सवर. तिन्ही यंत्रे एकाच पेटीशी जोडता येतात, यात अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमची लिहिण्याची सवय निराळी. आधी रिवाज ठरवला नाही तर चोपडी राहते, पण तिची साक्ष कामाची राहत नाही.

ओळ कुठे संपते?

पहिले भांडण ओळीच्या शेवटाचे. टेलिप्रिंटरच्या काळात ओळ संपली की दोन हुकूम द्यावे लागत. एक, गाडी डावीकडे आणा. दुसरा, कागद एक ओळ वर सरकवा. विंडोजने ही दोन्ही चिन्हे आजवर जपली. लिनक्स आणि आजचा मॅक दुसऱ्या एकाच चिन्हावर भागवतात. डोळ्यांना ही चिन्हे दिसत नाहीत, पण सर्व्हरला दिसतात.

समजा, दरपत्रकात चारशे ओळी आहेत. विंडोजवर कुणी एका लुंगीचा भाव बदलून फाइल जमा केली आणि जमा करताना सगळ्या ओळींची शेवटची चिन्हे बदलली. सर्व्हर म्हणेल, चारशेही ओळी बदलल्या. खरा बदल त्या ढिगाऱ्यात गाडला गेला. ज्या साक्षीसाठी एवढा खटाटोप केला, तीच हरवली.

यावर इलाज सोपा आहे. गिटमध्ये 'डॉट गिटअॅट्रिब्यूट्स' नावाची फाइल पेटीतच ठेवावी आणि मजकुराच्या फाइली आत एकाच पद्धतीने ठेवाव्यात असे तिच्यात लिहावे. सबव्हर्जनमध्ये हेच काम 'ईओएल-स्टाइल नेटिव्ह' ही खूण करते. प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी मांडणी करून भागवण्यापेक्षा नियम पेटीत ठेवणे चांगले. नवा नोकर आला, नवे यंत्र आले तरी नियम आपोआप लागू होतो. मात्र चित्रे आणि छायाचित्रे 'मजकूर नाही' अशी नोंदवावीत. नाहीतर यंत्र त्यांतही ओळी शोधू लागते आणि चित्र बिघडते.

फाइलीचे बारसे

दुसरे भांडण नावांचे. इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू होणारे 'साडी' आणि लहान अक्षराने सुरू होणारे 'साडी' या लिनक्सच्या लेखी दोन फाइली आहेत. विंडोज आणि बहुतेक मॅक त्यांना एकच मानतात. लिनक्सवरून दोन्ही जमा झाल्या तर विंडोजवर एकीच्या जागी दुसरी बसते. म्हणून रोमन नावे सगळी लहान अक्षरांत लिहावीत.

विंडोजला नावात विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारांकन, अवतरणचिन्ह चालत नाही. 'कॉन', 'पीआरएन', 'ऑक्स', 'नल' ही रोमन नावे डॉसच्या काळापासून राखीव आहेत. व्यापाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 'अमुक अँड कं.' असे फोल्डरचे नाव शेवटी टिंब देऊन ठेवले, तर लिनक्स ते टिंब जपतो आणि विंडोज गाळून टाकतो. तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि मध्ये आडवी रेघ. अशाने यादीही आपोआप क्रमाने लागते.

मराठी आणि उर्दू नावांचा पेच

हा पेच आपल्या माणसांनी नीट समजून घ्यावा, कारण इंग्रजी पुस्तकांत तो क्वचितच सांगितलेला असतो. 'व्यापाऱ्यांची यादी' या नावात 'ऱ' हे अक्षर आहे. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते. एक अखंड 'ऱ', दुसरे 'र' आणि खाली नुक्ता. दिसायला दोन्ही सारखीच. आम्ही उर्दू शाळेत अलिफवर मद देऊन 'आ' लिहायला शिकलो. त्याचीही तीच गत. ते एक अक्षर म्हणून लिहिता येते, किंवा अलिफ आणि मद वेगवेगळे जोडून.

मॅकची जुनी फाइलव्यवस्था अशी नावे फोडून ठेवी. त्यामुळे मॅकवरून आलेली यादी आणि लिनक्सवरून आलेली यादी सर्व्हरला दोन फाइली वाटत. गिटने २०१२ साली नाव पुन्हा जोडून घेण्याची सोय केली. सबव्हर्जन वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. आमचा सल्ला असा, की फाइलीचे नाव रोमन लिपीत ठेवावे आणि आतला मजकूर खुशाल मराठी-उर्दूत लिहावा, पण यूटीएफ-८ मध्ये. जुन्या मराठी फाँटांतल्या किंवा इनपेजमधल्या उर्दू फाइली सर्व्हरला वाचता येत नाहीत. त्या केवळ गाठोडे म्हणून राहतात.

काय मजकूर, काय गाठोडे

साध्या मजकुरात सर्व्हर ओळ न् ओळ ताडून दाखवतो. गाठोड्यात फक्त "काहीतरी बदलले" एवढेच सांगतो. या बाबतीत पुण्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. रेड हॅटने २००४ साली खुले केलेले 'लोहित' फाँट पुढे पुण्यातल्या मंडळींनी सांभाळले. त्यांतील अक्षरांच्या रेषांची मापेसुद्धा मजकुराच्या फाइलीत ठेवलेली असत. कुठल्या जोडाक्षरात काय फेरफार झाला हे त्यामुळे नोंदीत दिसे. अक्षरे घडवणारे मजकुरात काम करू शकतात, तर आपले दरपत्रकही सीएसव्हीसारख्या साध्या मजकुरात ठेवायला काय हरकत आहे?

नक्षीची चित्रे मजकुरात ठेवता येत नाहीत. दोघांनी एकच काठ एकाच वेळी बदलला तर एकाची मेहनत वाया जाते. तिथे कुलूप हवे. सबव्हर्जनमध्ये 'नीड्स-लॉक' खूण केली की कुलूप घेतल्याशिवाय फाइल बदलता येत नाही. गिटमध्ये एलएफएस या जोडसोयीत कुलूप मिळते. तिजोरीची किल्ली एका वेळी एकाच हातात असावी, तसेच हे.

सर्व्हर कुठे ठेवावा?

पेटी सामायिक फोल्डरात टाकून सगळ्यांनी थेट हात घालू नये. सर्व्हरच्या दारातूनच, म्हणजे एचटीटीपीएस किंवा एसएसएच मार्गाने, ये-जा ठेवावी. आत लिनक्स आहे की विंडोज, याची मग बाहेरच्याला फिकीर नाही.

मांडव्यासारख्या ठिकाणी जागेचा विचार अधिक करावा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाली, तरी दुरुस्तीला माणूस आणायचा तर समुद्राकडे बघावेच लागते. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगड किनाऱ्यावर आदळले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

सबव्हर्जनमध्ये सारा इतिहास सर्व्हरवर असतो, आपल्याजवळ फक्त ताजी प्रत. सर्व्हर बुडाला तर जुनी पाने बुडाली. म्हणून 'डंप' आज्ञेने पेटीची पूर्ण प्रत काढून ती खाडीपलीकडे ठेवावी. ती दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरही उघडता येते. गिटमध्ये प्रत्येक पूर्ण प्रतीबरोबर इतिहासही येतो. वीज-इंटरनेट नसताना लॅपटॉपवर नोंदी करत राहा, जोडणी आली की पाठवा. गावाकडच्या पेढीला आम्हाला गिट अधिक सोयीचे वाटते. चित्रांचा भार मोठा आणि कुलपाचे काम रोजचे असेल, तर सबव्हर्जन बरे.

दोन इशारे

पहिला. गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक, बँकेचे संकेतशब्द या पेटीत कधीही टाकू नयेत. आज काढून टाकले तरी जुन्या पानावर ते राहतात आणि प्रत ज्याच्या हाती, त्याला वाचता येतात.

दुसरा. ही पेटी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जागा घेत नाही. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांनी प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारे हिशेबाचे सॉफ्टवेअरच वापरावे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो एकट्या मालकीच्या दुकानाला लागू नाही, पण त्यामागचा विचार आपल्या रोजमेळाचाच आहे.

सुरुवात लहान करावी. एक दरपत्रक, तीन माणसे, प्रत्येकाचे स्वतःचे नाव आणि स्वतःचा संकेतशब्द. एकाच्या नावाने तिघांनी लिहिले तर सहीला अर्थ उरत नाही. वर सांगितलेले रिवाज एका कागदावर लिहून पहिली नोंद त्याचीच करावी. भागीदारीत आणि भावाभावांत वाद बहुधा पैशावरून कमी आणि "मी असे म्हटलेच नव्हते" यावरून जास्त होतात. जुने पान जागेवर असेल, तर तो वाद मिटायला वेळ लागत नाही.