रिकामी साधने आणि त्यांची नोंद : स्थानिवद्भावाच्या अनुषंगाने

१९८६ च्या डिसेंबरात बेंगळुरू येथे संस्कृतातील ज्ञाननिरूपण व अनुमान या विषयावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली होती. आदल्याच वर्षी रिक ब्रिग्ज या अमेरिकी संशोधकाने ‘एआय मॅगझीन’मध्ये असे प्रतिपादन केले होते की, वाक्यार्थाच्या विश्लेषणासाठी संस्कृत वैयाकरणांनी घडविलेली पद्धती यंत्रालाही उपयोगी पडण्याजोगी आहे. या मर्यादित विधानाचा पुढे बराच विपर्यास झाला. ‘संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा’ असे वाक्य लोकांच्या तोंडी बसले आणि वैयाकरणांची पद्धती बाजूलाच राहिली. त्याच नगरातील सॉफ्टवेअर-कचेऱ्यांत आज नित्य उद्भवणारा एक लहानसा प्रश्न घेऊन त्या पद्धतीकडे पुन्हा पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. दिलेले काम पार पाडण्यासाठी इतर साधनांना हाका मारणारी जी बुद्धियंत्रणा, तिला ‘एजंट’ म्हणतात. साधनाच्या अंतरंगात काय चालते हे एजंटाला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या आकारात पुरवावयाची याचा आराखडा. अँथ्रॉपिक या कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतव्यवस्थेतही याच तिहींची योजना आहे. म्हणजे एजंटाच्या दृष्टीने वर्णन हेच साधन होय. आता, साधन पुरते तयार होण्यापूर्वी बाकीच्या रचनेची चाचणी घेता यावी म्हणून त्याच्या जागी एक पोकळ साधन बसवितात. हाक मारली की ते ठरावीक उत्तर देते. त्यास आपण ‘स्थानधारक’ म्हणू.

यात धोका कोठे आहे? समजा, मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्द शोधून देणारे साधन योजिले आहे आणि तूर्त त्याच्या जागी स्थानधारक आहे. कोणताही शब्द विचारला तरी ते ‘नोंद आढळली नाही’ असे सांगते. वर्णनात मात्र ‘मोल्सवर्थच्या कोशात शब्द शोधते’ एवढेच लिहिले आहे. अभ्यासकाचा एजंट त्यावरून हा शब्द त्या काळी कोशात नव्हता असा निष्कर्ष काढील, आणि तो निष्कर्ष एखाद्या प्रबंधात जाऊन बसेल. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीस प्रमाण मानले, परंतु ती ‘योग्य’ असावी अशी अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला अर्थ आहे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही. ‘आढळले नाही’ आणि ‘शोधलेच नाही’ यांतील हा भेद स्थानधारकाच्या नोंदीत पुसला जाता कामा नये.

पाणिनीय व्याकरणात एकाच्या जागी दुसरे येण्याचा विचार अतिशय काटेकोरपणे झालेला आहे. ज्याच्या जागी यावयाचे तो स्थानी, जो येतो तो आदेश. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ५६ वे सूत्र आदेशाला स्थानीप्रमाणे मानण्यास सांगते, पण स्थानीच्या वर्णावर अवलंबून असलेले कार्य वगळून. ‘पठित्वा’ आणि ‘प्रपठ्य’ ही रूपे पाहावीत. उपसर्ग लागताच ‘क्त्वा’च्या जागी ‘ल्यप्’ येतो. क्त्वान्ताचे अव्ययत्व ‘प्रपठ्य’लाही लाभते. परंतु ‘पठित्वा’तील इकाराचा आगम प्रत्ययाच्या आद्य वर्णावर अवलंबून असल्यामुळे तो ‘प्रपठ्य’मध्ये होत नाही. मूळचे काय चालावे आणि काय चालू नये, दोन्ही सांगितले आहे.

‘क्विप्’चे उदाहरण याहून बोलके आहे. ‘इन्द्रजित्’ या शब्दात जि धातूला हा प्रत्यय लागतो, आणि त्याचा एकही वर्ण शब्दात उरत नाही. तरीही अंती तकार येतो, तो प्रत्ययाला जोडलेल्या पकाराच्या अनुबंधामुळे. प्रत्यय रिकामा आहे. त्याची नोंद मात्र पूर्ण आहे. शिवाय तो रिकामा आहे हेही शास्त्राने लपविलेले नाही.

हे साम्य ताणू नये. व्याकरणात आदी स्थानी आणि मग आदेश. येथे स्थानधारक आधी येतो आणि खरे साधन मागाहून. तथापि नोंदीची शिस्त तीच. वरील कोशसाधनाचे वर्णन असे असावयास हवे : ‘हे साधन स्थानधारक आहे. शब्द योग्य आकारात दिला आहे की नाही, एवढेच ते तपासते. कोश पाहत नाही. उत्तर ठरावीक असून त्यावरून शब्दाच्या अस्तित्वाविषयी अनुमान करू नये.’ एवढ्यानेही भागत नाही. उत्तरातही ‘शोध घेतलेला नाही’ असेच यावे, कारण वर्णन व उत्तर वेगवेगळ्या वेळी वाचले जातात. आणि खरे साधन आले की ही नोंद त्याच दिवशी काढावी; नाहीतर खऱ्या उत्तरावरही अविश्वास उत्पन्न होईल.

रिकामी जागा ठेवणे हा दोष नव्हे. हस्तलिखिताचा प्रामाणिक संपादक त्रुटित अक्षरांची जागा मोकळी सोडतो आणि ती त्रुटित असल्याचे नमूद करतो. ती जागा भरल्यासारखी दाखविली, तर पुढच्या प्रत्येक वाचकाची फसवणूक होते. यंत्रासाठी लिहिलेल्या चार ओळींनाही हाच न्याय लागू आहे.